4 कोटी आणि वर 1 पौंड: नाराज स्ट्रायकरला विकायचं की बसवून ठेवायचं?



2025च्या उन्हाळ्यात इसाकचा ड्रामा चालू होता तेव्हा जवळपास प्रत्येक ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं. "ज्याला राहायचंच नाही त्याला ठेवून काय उपयोग? विका आणि मोकळे व्हा." ऐकायला बरोबर वाटतं. मला ते अर्धवट वाटतं, आणि का वाटतं ते आज एका जुन्या केसवरून सांगतो. केस आहे लुईस सुआरेझची. साल 2013, क्लब लिव्हरपूल.

आधी परिस्थिती बघा. 2012-13च्या सीझनमध्ये लिव्हरपूल सातवं आलं, 61 पॉइंट्स. म्हणजे चॅम्पियन्स लीग सोडा, युरोपची कुठलीच स्पर्धा नाही. सुआरेझने मात्र त्या टीममधून लीगमध्ये 23 गोल मारले. आणि एप्रिलमध्ये ॲनफिल्डवर चेल्सीच्या इव्हानोविचला चावला. हो, चावला. दहा मॅचची बंदी. त्यातल्या सहा पुढच्या सीझनमध्ये भोगायच्या होत्या. म्हणजे तुमच्याकडे एक असा प्लेअर आहे जो सीझनच्या सुरुवातीला खेळूच शकत नाही, जो क्लबचं नाव पेपरच्या पहिल्या पानावर चुकीच्या कारणाने आणतो, आणि जो म्हणतोय मला चॅम्पियन्स लीग खेळायचीय, मला सोडा.

अशा वेळी जुलैमध्ये आर्सेनलने बोली लावली. 4 कोटी 1 पौंड.

हा वरचा 1 पौंड ऐकून मला आपल्या आहेराच्या पाकिटाचीच आठवण येते. 101, 501, वर एक रुपया शुभ म्हणून. पण आर्सेनलचा तो पौंड शुभ वगैरे नव्हता. सुआरेझच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक कलम होतं. 4 कोटींच्या वर बोली आली की काहीतरी घडणार, असं त्यात होतं. आर्सेनल आणि सुआरेझच्या मते, क्लबला विकावंच लागणार. लिव्हरपूलच्या मते, फक्त बोलणी करावी लागणार. प्लेअर्स युनियनचे प्रमुख गॉर्डन टेलर यांनीही तेव्हा सांगितलं की हे आपोआप सुटका करणारं कलम नाही. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी तर ट्विटरवर खिल्ली उडवली, की आर्सेनलवाले तिकडे नक्की ओढतायत तरी काय!

गंमत पुढच्या वर्षी झाली. 2014च्या सुरुवातीला अमेरिकेत बॉस्टनला स्पोर्ट्स ॲनालिटिक्सची एक कॉन्फरन्स होती. तिथे याच हेन्रींनी सांगून टाकलं, की कलम होतं, 4 कोटींचंच होतं, पण इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्टला फारसा अर्थ दिसत नाही म्हणून आम्ही ठरवलं, विकायचंच नाही. आर्सेनल कोर्टात गेलं नाही, सुआरेझही गेला नाही. विषय संपला.

आता आयटीवाल्या मंडळींनो, हे ऐकून पोटात गोळा आला ना? आपल्याकडे 90 दिवसांचा नोटीस पिरियड, आणि वर रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवतात. पण निदान आपण राजीनामा देऊ तरी शकतो. फुटबॉलरला मधेच राजीनामा देऊन दुसऱ्या क्लबात बसता येत नाही. कॉन्ट्रॅक्ट चालू असेपर्यंत क्लब हो म्हणाला तरच तो सुटतो. 1995च्या बोस्मन निकालानंतर कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर तो फुकटात जाऊ शकतो, पण तोवर त्याच्या हातात एकच हत्यार असतं. तोंड पाडून बसणं. सरावाला दांडी, पेपरला मुलाखत, "मला शब्द दिला होता" असं स्टेटमेंट. सुआरेझने ऑगस्टमध्ये हेच केलं. इंग्लंडच्या पेपरांना मुलाखती दिल्या की चॅम्पियन्स लीग नाही मिळाली तर सोडू असं क्लबने कबूल केलं होतं. कोच ब्रेंडन रॉजर्सने त्याला मेन टीमपासून वेगळं करून एकट्याने सराव करायला लावला.

माझं मत सांगतो. शब्द पाळण्याच्या हिशोबाने लिव्हरपूल इथे स्वच्छ नव्हतं. कलम लिहून द्यायचं, वेळ आली की त्याचा अर्थ बदलायचा, हे मला आवडत नाही. पण फुटबॉलचा निर्णय म्हणून? शंभर टक्के बरोबर. आणि तो बरोबर होता हे त्यांना कसं कळलं, तर अडीच वर्षांपूर्वी ते अगदी अशाच जागी पोळले होते.

31 जानेवारी 2011. ट्रान्सफर विंडोचा शेवटचा दिवस. तेव्हाचा स्टार स्ट्रायकर फर्नांडो टोरेस म्हणाला, मला चेल्सीला जायचंय. हेन्रींच्या कंपनीने क्लब घेऊन जेमतेम तीन-साडेतीन महिने झाले होते. त्यांनी 5 कोटींना टोरेस विकला आणि त्याच दिवशी न्यूकासलच्या अँडी कॅरोलला 3.5 कोटी मोजले. कॅरोल तेव्हा जखमी होता. हेन्रींनी नंतर यामागचं गणित सांगितलं. टोरेस विकून आणि कॅरोल घेऊन हातात दीड कोटी उरले पाहिजेत, एवढाच हिशोब. न्यूकासलने कॅरोलचा भाव वाढवला, की हे चेल्सीकडे टोरेसचा भाव वाढवणार. कागदावर एकदम क्लीन. मैदानावर कॅरोलने लिव्हरपूलसाठी लीगमध्ये 44 मॅच खेळून 6 गोल केले.

त्याच दिवशी लिव्हरपूलमध्ये अजून एक प्लेअर आला होता. आयॅक्समधून, 2 कोटी 28 लाखांना. तो सुआरेझ. तो सौदा आधीपासून शिजत होता, शांतपणे. कॅरोलचा सौदा शेवटच्या काही तासांत झाला. एकाच दिवशी, एकाच क्लबने, एकाच खिशातून केलेल्या दोन खरेद्या. फरक फक्त विचार करायला मिळालेल्या वेळेचा.

म्हणून मला वाटतं, प्लेअर नाराज आहे का, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, त्याच्या जागी येणारा माणूस आज तुमच्या हातात आहे का? गोल मारणारा माणूस तुम्ही विकलाय हे सगळ्या मार्केटला दिसत असतं. तुमच्या खिशात नोटा आहेत आणि वेळ नाही, हे कळलं की समोरचा दुप्पट सांगणारच. तुळशीबागेत संध्याकाळी नऊ वाजता, दुकानं बंद होताना, लग्नाची खरेदी करायला जाऊन बघा.

दुसरी गोष्ट, कुणाला विकताय. लिव्हरपूल सातवं, आर्सेनल चौथं. ज्याला गाठायचंय त्याच्याच हातात आपली तलवार द्यायची? शाहू स्टेडियमवर बसून मॅच बघणाऱ्या कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या तालमीचा हुकमी प्लेअर समोरच्या तालमीकडून उतरला तर पेठेत काय वातावरण असतं, ते त्यांना माहितीय.

बरं, मग नाराज माणसाचं काय? इथे कॅप्टन कामाला आला. स्टीव्हन जेरार्डने नंतर सांगितलंय की त्याने सुआरेझला समजावलं, आर्सेनलला जाऊन तू काय मिळवणार, एक वर्ष थांब, मग बार्सिलोना किंवा रिआल येईल. म्हणजे बघा, "जाऊ नकोस" असं तो म्हणालाच नाही. "आत्ता जाऊ नकोस, याच्याकडे जाऊ नकोस" असं म्हणाला. हे फार हुशारीचं आहे. माणसाला दार बंद केलं की तो भिंतीवर डोकं आपटतो. दार कधी उघडणार हे सांगितलं तर तो काम करतो.

आणि केलं त्याने काम! सप्टेंबरच्या शेवटी बंदी संपली. 33 लीग मॅच, 31 गोल, त्यात एकही पेनल्टी नाही. डिसेंबरमध्ये नॉर्विचला एकट्याने चार मारले. त्याच महिन्यात नवं कॉन्ट्रॅक्ट सही केलं. लिव्हरपूलने लीगमध्ये 101 गोल केले, 84 पॉइंट्स मिळवले, आणि फक्त दोन पॉइंट्सनी मँचेस्टर सिटीकडे लीग गेली. चेल्सीविरुद्ध जेरार्ड घसरला ती मॅच, आणि क्रिस्टल पॅलेसला 3-0 वरून 3-3. यावर मी आज बोलणार नाही, जखम ताजी आहे.

पण गोष्ट इथे थांबवली तर मी तुम्हाला फसवतोय. कारण 2014च्या वर्ल्ड कपमध्ये सुआरेझ परत चावला, या वेळी इटलीच्या किएलिनीला. चार महिन्यांची बंदी. आणि जुलैमध्ये तो बार्सिलोनाला गेला, साधारण 6.5 कोटींना. वर्षभर थांबून लिव्हरपूलने अडीच कोटी जास्त कमावले, विकला तोही परदेशात. सगळं नियमाप्रमाणे. मग त्याच्या जागी कोण? त्यांना ॲलेक्सिस सांचेझ हवा होता. तो गेला कुठे? आर्सेनलला! लिव्हरपूलने पैसे चार-पाच जणांत वाटले, आणि ऑगस्टच्या शेवटी 1.6 कोटींना बालोटेली आणला. त्याचा लीगमध्ये 1 गोल. टीमचे गोल 101 वरून 52 वर, नंबर सहावा, आणि शेवटच्या मॅचमध्ये स्टोककडून 6-1. भाव चांगला मिळाला, ग्राहक चांगला मिळाला, पण येणारा माणूस हातात नव्हता.

आता परत इसाककडे येऊ. या वेळी लिव्हरपूल टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, आणि न्यूकासल 2013च्या लिव्हरपूलच्या खुर्चीत. इसाकचं कॉन्ट्रॅक्ट 2028 पर्यंत, आधीच्या सीझनमध्ये लीगचे 23 गोल, आणि तोही म्हणतोय मला शब्द दिला होता. न्यूकासलने 1 ऑगस्टला 11 कोटींची बोली नाकारली. पहिल्या तीन लीग मॅच त्याच्याशिवाय खेळले, त्यातल्या दोन 0-0 आणि एक खुद्द लिव्हरपूलकडून 3-2 हरले, तीसुद्धा 16 वर्षांच्या पोराच्या शेवटच्या क्षणीच्या गोलवर. लोक म्हणाले, बघा, हट्टाची किंमत. पण त्यांनी आधी स्टुटगार्टचा निक वोल्टेमाडे घेतला, मग शेवटच्या दिवशी, 1 सप्टेंबरला, 12.5 कोटींना इसाक सोडला आणि ब्रेंटफर्डचा विसाही आणला.

विसा न्यूकासलसाठी पहिली मॅच खेळायच्या आधीच देशाकडून खेळताना गुडघा दुखावून बसला. वोल्टेमाडे पहिल्याच मॅचला उतरला, वुल्व्हजविरुद्ध, आणि हेडर मारला. 1-0.

कुटिन्होच्या पैशांतून लिव्हरपूलने जे उभं केलं, तो स्वतंत्र एपिसोडचा विषय आहे, तो पुढच्या वेळी घेऊ. तोवर कमेंटमध्ये सांगा, 2013ला तुम्ही हेन्रींच्या जागी असता तर ते कलम पाळलं असतं का? चला, भेटू.