धडधड अंगावर काढू नका

गटाच्या बैठकीत छातीतल्या धडधडीचा विषय निघाला, की “अगं, अशक्तपणा असेल” म्हणून तिथंच मिटतो. कधी असतोही, रक्त कमी असलं तरी नाडी पळते. पण काही जणींच्या हृदयाची लयच बिघडलेली असते. बसल्या जागी ठोके मिनिटाला १०० च्या वर, आणि असं आठवडे, महिने चाललं, तर हृदयाचा स्नायू थकतो, सैल पडतो. मग चढावर दम लागतो, आडवं झालं की श्वास कोंडतो, पाय सुजतात.

चांगली गोष्ट अशी, की गोळ्यांनी किंवा नसेतून तार घालून केलेल्या उपचाराने लय ताब्यात आली, तर हे थकलेलं हृदय बऱ्याचदा काही महिन्यांत पुन्हा ताकद धरतं. मात्र बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पुन्हापुन्हा १०० च्या वर किंवा वेडेवाकडे लागले, तर ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. कुणी चक्कर येऊन पडली किंवा छातीत दुखायला लागलं, तर लगेच १०८ ला फोन करा. घरातला गडी शेतातून येईपर्यंत थांबू नका.