कॉर्कची फांदी

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात १८४९ साली जॉर्ज बूल गणिताचे प्राध्यापक झाले. आजचा संगणक चालतो तो त्यांच्याच तर्कगणितावर. त्याच कॉर्कचे प्रोग्रॅमर डनखा ओ क्वीव. 'बी-टू' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरची प्रत घेऊन त्यांनी त्यात एक सोय केली: एकाच मांडणीवर अनेकांची संकेतस्थळं चालवायची. मूळ प्रोग्रॅम लिहिणारा दुसराच कुणीतरी, पण परवानगी मागायला नको. परवान्यातच ती दिलेली. त्याच बी-टूपासून २००३ मध्ये संकेतस्थळं बनवायचं 'वर्डप्रेस' हे सॉफ्टवेअरही निघालं. ओ क्वीव यांची प्रत, म्हणजे कॉर्कची फांदी, पुढे 'वर्डप्रेस एमयू' झाली आणि २०१० मध्ये, ३.० आवृत्तीत, मुख्य खोडात मिसळली.

अशा कामाला सामायिक ओटा लागतो. सोर्सफोर्ज या संकेतस्थळाने तो १९९९ मध्ये मांडला, गिटहबने २००८ मध्ये. प्रत घ्या, दुरुस्ती करा, परत पाठवा; जाणकार तपासतात, मगच ती आत जाते. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद कायम राहते. मला हा पारदर्शकपणा फार मोलाचा वाटतो.

वर्डप्रेसचं मराठी भाषांतरही स्वयंसेवकच करतात. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. चांगलं मराठी येत असेल तर तुम्हीही हात लावा.