थायरॉइड आणि आपलं ताट
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेलं भाषण)



आहारतज्ज्ञ म्हणून मला हमखास विचारला जाणारा प्रश्न : "थायरॉइड कमी आहे, कोबी-फ्लॉवर सोडू का?" नको. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. मला जास्त काळजी वाटते ती गोळीच्या वेळेची.

लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं. पुढे अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, अगदी आपला चहासुद्धा! कॉफी, दूध, सोया यांमुळे गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतरच.

आता मीठ. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. इथे अमेरिकेत मिठात आयोडीन घालायची सक्ती नाही, म्हणून डबा वाचून घ्या. उपवासाच्या सैंधवात ते नगण्य असतं. पण म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या सुरू करू नका. जादा आयोडीननेही थायरॉइड बिघडतो.

बद्धकोष्ठाला चोथा हवा : ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाज्या. मात्र कुठलाही आहार गोळीची जागा घेत नाही. गोळी घेणाऱ्या लेकीसुनांना आवर्जून सांगा, दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करा. डोस बहुधा वाढवावा लागतो. बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो.

आणि दिवाळी? पहाटे उठल्याउठल्या गोळी, मग उटणं, अभ्यंगस्नान. तेवढ्यात तास होतोच. मग खुशाल चकली खा!