हट्टी गाळ

परतवाड्यास आमच्या घरीं मृगाच्या पहिल्या पुरानंतर सापन नदीचें पाणी आलें, म्हणजे आई तुरटीचा खडा हंड्यांत चारसहा वेळां फिरवी आणि मग हंडा कोणालाही हलवूं देत नसे. दुहेरी फडक्यानें गाळूनही जें पाणी चहासारखें गढूळ राही, तेंच कांहीं वेळानें निवळे व तळाशीं चिखलाचा थर बसे. हें मीं लहानपणापासून पाहिलें होतें. त्याचा अर्थ मात्र रसायनशाळेंत फजिती झाल्यावर कळला.

प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस होता. लोहाच्या क्षाराच्या द्रावणांत अमोनिया घालून साका पाडावयाचा, तो गाळून, धुऊन, भाजून तोलावयाचा. साका पडला तो तांबूस व बुळबुळीत. वेळ थोडा, म्हणून मीं पाण्याच्या पंपानें चोषण लावलें. पहिले कांहीं थेंब झरझर उतरले आणि नरसाळें तुंबलें. जोर वाढविला तसतसा तो पदार्थ कागदाच्या छिद्रांत अधिकच रुतला, आणि अखेर कागद फाटला. दुसऱ्या खेपेस साका कसाबसा कागदावर राहिला, तर मीं तो थंड ऊर्ध्वपातित पाण्यानें धुतला. पाहतां पाहतां गाळलेलें पाणी पुन्हां तांबूस झालें! वजनाला कांहींच उरलें नाहीं आणि गुणही गेले.

चूक गाळण्यांत नव्हती, गाळण्यापूर्वीं होती. अशा पदार्थाचे कण इतके सूक्ष्म असतात कीं ते कागदांतून सुटतात. शिवाय त्या सर्वांवर एकाच जातीचा विद्युद्भार असल्यामुळें ते एकमेकांस दूर लोटतात. त्यांना एकत्र आणावयाचें तर तो भार मारला पाहिजे. तुरटींतील ॲल्युमिनियम मातीच्या ऋणभारित कणांवर हेंच करतें. कण गोळा होतात, जड होतात, खालीं बसतात. (पाणी नितळ झालें म्हणजे निर्जंतुक झालें असें मात्र नव्हे, तें उकळावेंच लागतें.) आपल्या पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्याची काळी माती याच कारणानें पाण्यांत विखुरलेली राहते: तिच्यांत सोडियम फार. तेथें जमिनींत जिप्सम घालतात तें त्यांतील कॅल्शियमसाठीं.

बेरियम सल्फेटची गोष्ट निराळी. त्याचे स्फटिकच बारीक पडतात. द्रावण गरम ठेवून, विरल बेरियम क्लोराइड थेंबाथेंबानें, ढवळीत घालावें आणि साका जलतापकावर तासभर तरी राहूं द्यावा. लहान कण विरघळून मोठ्यांवर चढतात व मग कागद त्यांना अडवितो. वरचें निवळलेलें पाणी आधीं कागदावर ओतावें, साका शेवटीं.

लोहाच्या साक्यास मात्र उकळी आणावी, चोषण लावूं नये, आणि धुतांना साधें पाणी वापरूं नये. त्यानें कणांना जोडून ठेवणारा क्षार वाहून जातो व ते पुन्हां सुटतात. गरम पाण्यांत शेंकडा एक या प्रमाणांत अमोनियम नायट्रेट घालून त्यानें धुवावें. तें भाजतांना उडून जातें, म्हणून वजनांत भर पडत नाहीं. पुढल्या वर्षीं मीं असेंच केलें. कागद फाटला नाहीं, आणि गाळलेलें पाणी आमच्या हंड्यांतल्यासारखें नितळ निघालें.