दांडीच्या मधून



इंदूरच्या रामबागेत आमच्या घराजवळ तासाच्या भाड्याने सायकल देणारं एक दुकान होतं. 1975 च्या आसपासची ही गोष्ट. दुकानदार वहीत नाव लिहायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ मांडायचा, आणि आम्ही दोघे भाऊ ती उंच काळी सायकल ढकलत चिमणबागेच्या मैदानावर न्यायचो. सीटवर बसलं तर पाय पोचत नसत. मग दांडीच्या मधून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर टाकायचा, डाव्या हातात हँडल, उजवी काख सीटवर. सायकल एकीकडे कललेली, आपण दुसरीकडे. पायडल पुरतं फिरायचं नाही, नुसतं अर्धं वरखाली. याला कैची मारणं म्हणतात. आपल्यापैकी कितीतरी जण असेच शिकले असतील.

माझी ताईही तेव्हा बरोबर असे. ती दुकानाच्या पायरीवर बसून घड्याळ बघायची आणि तास संपायला पाच मिनिटं उरली की मैदानावर सांगायला धावत यायची. परकर घातलेल्या मुलीने दांडीच्या मधून पाय घालायचा नाही, हे तिला कोणी सांगावंही लागलं नव्हतं. बायकांसाठी उतरत्या दांडीची सायकल तशी 1890 च्या आधीच निघाली होती, मागच्या चाकावर पदर अडकू नये म्हणून जाळीही असायची. पण भाड्याच्या दुकानात ती दिसत नसे. जेन्ट्स सायकलच काय ती मिळायची.

ताई बावन्नाव्या वर्षी सायकल शिकली. कशी, ते मला नीट सांगू द्या, कारण माझा सगळा जीव त्यातच आहे.

आपल्याकडे शिकवतात म्हणजे एक जण मागून कॅरियर धरून पळतो, "पायडल मार, पायडल मार" असं ओरडतो, आणि कधीतरी न सांगता हात सोडतो. मोठ्या माणसाला हे जमत नाही. त्याला पडायची भीती असते, गुडघ्याची काळजी असते. म्हणून आधी दोन्ही पायडलं काढून टाकायची. पाना लावताना लक्षात ठेवा, डावं पायडल उलट्या आट्याचं असतं; ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं. मग सीट इतकी खाली घ्यायची की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. आता नुसतं चालायचं. मग ढांगा टाकायच्या. मग दोन्ही पाय उचलून क्षणभर तरंगायचं. आणि सायकल डावीकडे पडायला लागली की हँडल डावीकडेच वळवायचं! मन उजवीकडे ओढ घेतं, पण सायकल सावरते ती पडत्या बाजूला वळवल्यानेच. पुन्हा सांगतो: ज्या बाजूला पडतेय, त्याच बाजूला हँडल. तोल अंगात मुरला की पायडलं पुन्हा बसवायची.

सायकलचा जन्मही असाच झाला. 1817 च्या सुमारास जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी दोन चाकांचं लाकडी यंत्र केलं, तेव्हा त्याला पायडलं नव्हतीच. माणूस त्यावर बसून पायांनी जमीन ढकलत जायचा. पायडलं आली ती चाळीस-पन्नास वर्षांनी. म्हणजे आधी तोल, मग पायडल.

ताई चौथ्या दिवशी पाय उचलून वीसेक पावलांचं अंतर गेली. थांबली, मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "अरे, कोणी धरलं नव्हतं ना?" कोणी धरलं नव्हतं.

मोठ्या वयाच्या बायकांना मोठ्या प्रमाणावर शिकवल्याचंही उदाहरण आहे. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतर साक्षरता मोहिमेबरोबरच बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. लाखभर बायका शिकल्या, असं सांगतात. आपल्या मध्य प्रदेशातही वीसेक वर्षं दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या नववीच्या मुलींना सरकारी सायकल मिळते आहे. पण सायकल हातात देणं वेगळं आणि ती चालवायला शिकवणं वेगळं.

शिकल्यावर चालवायची कुठे, म्हणून रस्त्यांचंही थोडक्यात सांगतो. इंदूरच्या एबी रोडवर 2013 साली साडेअकरा किलोमीटरचा राखीव बसमार्ग झाला, सायकलची पट्टी आली आणि तिच्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो मार्गच काढायला घेतला. पट्टी हवीच. पण पट्टी कोणासाठी, हेही विचारायला हवं. पहाटे हेल्मेट घालून ग्रुपने निघणारे आहेतच, त्यांचं कौतुक आहे. तरी रात्रपाळी संपवून परतणारा चौकीदार, हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवून निघालेली स्वयंपाकवाली, हाताने फिरवायच्या तीनचाकीवरचा अपंग माणूस, हे सगळे सायकलवालेच आहेत. एके काळी हुकुमचंद मिल, मालवा मिल या कापडगिरण्यांचा भोंगा झाला की सायकलींनी रस्ता भरून जायचा. 1991 च्या शेवटी हुकुमचंद मिल बंद पडली, आणि तो लोंढाही आटला.

मला जास्त रुखरुख लागते ती भाड्याच्या दुकानाची. रामबागेत आता ते नाही. ते दुकान म्हणजे शिकायची जागा होती. चार पैशांत तासभर पडून बघता यायचं, घरची सायकल नसली तरी चालायचं. आज ज्याच्या घरी सायकल नाही त्याने शिकायचं कुठे? एखाद्या मैदानावर पायडल काढलेल्या चार सायकली, एक पाना आणि रविवारी सकाळी दोन तास देणारी दोन माणसं मिळाली, तर दुकानाची ती जागा भरून निघेल असं मला वाटतं.

वेळ संपत आल्याची खूण मला स्टुडिओच्या काचेपलीकडून केली आहे, म्हणून एवढंच सांगतो. ताई आता सकाळी सायकलनेच भाजीला जाते. तिच्या शेजारच्या वहिनी, वय अठ्ठावन्न, त्यांनी परवा विचारलंय, मला शिकवाल का म्हणून. येत्या रविवारी सात वाजता आम्ही चिमणबागेत आहोत. पायडलं मी आधीच काढून ठेवली आहेत.