कादंबरीचें पान

दादरच्या एका जुन्या इमारतींत राहणाऱ्या सहा कुटुंबांनीं कांहीं वर्षांपूर्वीं एक वाचनमंडळ काढलें. मंडळ म्हणावें तर त्याला नांव नाहीं, घटना नाहीं, अध्यक्ष नाहीं आणि वर्गणीही नाहीं. नियम एवढाच कीं, दर महिन्याला एका घरानें आपली आवडती कादंबरी निवडावी, ती सर्वांनीं वाचावी, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारीं त्याच घरीं जमून, त्या कादंबरींतील जेवण जेवून, मग तिच्यावर बोलावें. मराठींत ग्रंथालाही पान असतें आणि जेवणालाही पान असतें. तेव्हां दोन्ही पानें एकाच घरीं मांडण्यांत फारसें नवल नाहीं. ही कल्पना प्रथम कोणाला सुचली याविषयीं मात्र त्या इमारतींत आजही एकमत झालेलें नाहीं.

पुस्तकाच्या प्रती बहुधा दोनच मिळत. एक कोणाची तरी स्वतःची आणि दुसरी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची. १८९८ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या प्रतीला वर्तमानपत्राचें वेष्टण घालून ती जपून फिरविली जाई. घरच्या प्रतीवर मात्र कोणत्या मजल्यावर ती आमटी ढवळतां ढवळतां वाचली गेली हें हळदीच्या बोटांवरून ओळखतां येत असे. एका प्रतीमागें तीन घरें, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला नऊदहा दिवस. एवढ्या अवधींत मोठी कादंबरी संपवायची तर घरांतील माणसांनाही पाळ्या लावाव्या लागतात.

पहिली पाळी डिसेंबरची. बँकेंतून निवृत्त झालेल्या अण्णांनीं डिकन्सची 'ए ख्रिसमस कॅरोल' ही १८४३ सालीं प्रसिद्ध झालेली छोटी कादंबरी निवडली. तींत बॉब क्रॅचिट या गरीब कारकुनाच्या घरचें नाताळचें जेवण आहे. त्यांतला हंस अण्णांच्या स्वयंपाकघरांत शिजण्याचा प्रश्नच नव्हता; कुसकरलेले बटाटे आणि सफरचंदाची चटणी यांवर काम भागविण्यांत आलें. खरी कसोटी होती ती पुडिंगची. इंग्रज गृहिणी त्यांत जनावराची चरबी घालते; अण्णांच्या पत्नीनें लोणी घातलें. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, पावाचा चुरा आणि गूळ हें सारें एकत्र करून, पीठ भुरभुरलेल्या ओल्या फडक्यांत गांठोडें बांधून, तें त्यांनीं मोदकपात्रांत पांच तास उकडलें. डिकन्सच्या पुस्तकांत हें पुडिंग कपडे उकळण्याच्या तांब्याच्या मोठ्या भांड्यांत शिजतें आणि त्याला धुण्याच्या दिवसासारखा वास येतो. फडकें सोडतांच तोच वास अण्णांच्या घरांत पसरला, आणि ज्यांनीं पुस्तक वाचलें होतें त्यांना मोठें हसूं आलें.

त्या दिवशीं बोलणेंही चांगलें झालें. एवढ्या मोठ्या कुटुंबाला तें पुडिंग लहान आहे असें क्रॅचिटच्या घरांत कोणीही म्हणत नाहीं, कोणी तसें मनांतही आणीत नाहीं. त्या न बोलण्यांत डिकन्सनें त्या घराची सारी अब्रू सांठविली आहे, असें तळमजल्यावरच्या काकूंनीं सांगितलें. काकूंचें शिक्षण मराठी चौथीपर्यंतचें. पुस्तक त्यांनीं नातवाकडून मराठींत सांगवून घेतलें होतें.

जानेवारीपासून मात्र गाडें रुळावरून घसरलें. दुसऱ्या घरानें हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' घेतली. शिवकालीन कादंबरी म्हणजे पंक्ति राजेशाहीच हवी, असें त्या घरच्या गृहिणीनें ठरविलें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें १९१० सालचें 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हें पुस्तक तिच्या आजेसासूपासून घरांत होतें. तें उघडून तिनें अकरा पदार्थ केले. जेवण अप्रतिम झालें यांत शंका नाहीं. परंतु कादंबरींतील मसलती, विश्वासघात आणि पराक्रम यांवरचें बोलणें पंधरा मिनिटांत आटोपलें, कारण निम्मी मंडळी लोडाला टेकून पेंगत होती. फेब्रुवारी आणि मार्च यांविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. पदार्थांची संख्या कमी झाली नाहीं, आणि वाचणारांची मात्र झाली. शिवाय कांहीं कादंबऱ्याच अशा निघतात कीं तीनशें पृष्ठांत कोणी घांसभर खात नाहीं. त्यांतलीं माणसें केवळ प्रेम आणि पत्रव्यवहार यांवर जगतात. अशा वेळीं गृहिणीनें स्वतःच्या हौसेनें काय तें करावें, आणि त्याचा संबंध नायिकेशीं जोडून द्यावा!

मार्चची पाळी वास्तविक तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची होती. शिवणकाम करून दोन मुलांचें शिक्षण चालविणारी ही विधवा बाई मंडळांतली सर्वांत जागरूक वाचक. तिनें प्रकृतीचें कारण सांगून पाळी पुढें ढकलली. एप्रिलमध्यें पुन्हा तेंच. अकरा पदार्थांच्या पंक्तीला काय खर्च येतो हें त्या इमारतींत कोणाला कळत नव्हतें असें नाहीं. पण तें कोणी बोललें नाहीं. क्रॅचिटच्या घरचें न बोलणें निराळें आणि हें निराळें. तेथें न बोलण्यानें माणूस पंक्तींत राहिला होता. येथें तो पंक्तींतून उठत होता.

एप्रिलची पाळी काकूंनीं मागून घेतली आणि साने गुरुजींचें 'श्यामची आई' जाहीर केलें. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेलें आणि १९३५ सालीं छापलेलें हें पुस्तक कादंबरी कीं आठवणी, हा वाद पंडितांनीं करावा. काकूंनीं तो केला नाहीं. रविवारीं पानें मांडलीं तीं पळसाच्या पत्रावळींचीं. भात, वरण, आणि एक पाल्याची भाजी. दुसरें कांहीं नाहीं. पानाच्या वरच्या बाजूला, जेथें मीठ वाढावयाचें, ती जागा रिकामी. भाजींतही मीठ नव्हतें.

पुस्तक वाचलेल्यांना पहिल्या घांसालाच उमगलें. श्यामची आई एकदां भाजींत मीठ घालायला विसरते. वडील आणि मुलें अक्षर न काढतां ती भाजी खातात. ती स्वतः शेवटीं जेवायला बसते तेव्हां तिला चूक कळते आणि ती कळवळते. म्हणून काकूंच्या पंक्तींतही सारे माना खालीं घालून जेवूं लागले. इतक्यांत अण्णा म्हणाले, "काकू, जरा मीठ आणतां का? भाजी अळणी झाली आहे."

पुस्तक कोणीं वाचलें नव्हतें हें त्या एका वाक्यानें सर्वांस कळलें. हसण्याचा भर ओसरल्यावर काकूंनीं आपलें म्हणणें मांडलें. पुस्तकांत जें आहे तेंच करावें, आणि तेंही तीन जिनसांच्या वर नको. कोणीही विरोध केला नाहीं. अण्णांना तर तोंडच नव्हतें. मे महिना आपला, असें वहिनींनीं त्याच रात्रीं सांगितलें.

त्यांनीं निवडलेली कादंबरी होती बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'पथेर पांचाली'. १९२९ सालीं ती बंगालींत पुस्तकरूपानें निघाली. १९५५ मध्यें सत्यजित राय यांनीं तिच्यावर चित्रपट काढला, आणि पुष्कळांना कथा ठाऊक असते ती तेवढीच. निश्चिंदिपूर गांवचा गरीब भिक्षुक हरिहर, त्याची बायको सर्वजया, आणि दुर्गा व अपू हीं दोन मुलें. वहिनींनीं आरंभीं वाढली ती कैरी. दुर्गा चोरून आणलेल्या कैऱ्या नारळाच्या करवंटींत घेऊन येते, आई घाटावर गेली आहे असें पाहून धाकट्या भावाला घरांतून तेल व मीठ आणायला पाठविते, आणि दोघें त्या गुपचूप खातात. वहिनींनीं कोंवळ्या कैरीचे काप करून, मीठ आणि कच्चें मोहरीचें तेल चोळून, करवंट्यांतूनच दिले. शेंगदाण्याच्या तेलाची संवय असलेल्या मंडळींच्या नाकांत मोहरीचा तो झणका चढला, आणि डोळ्यांतून पाणी येतां येतां सर्वांनीं करवंट्या चाटून पुसल्या. तोंडाला लागलेलें मीठ पुसा, नाहीं तर आई ओळखेल, असें वहिनींच्या धाकट्या मुलानें सर्वांना बजावलें. त्यानें पुस्तक नीट वाचलें होतें.

मग दोन वाट्या आल्या. पहिलींत रवा पाण्यांत शिजवून गूळ घातलेला एक चिकट गोळा; दुसरींत बेदाणे घातलेला, तुपानें थबथबलेला शिरा. बंगालींत याला मोहनभोग म्हणतात. अपू बापाबरोबर एका संपन्न शिष्याच्या घरीं जातो. तेथें असा तुपाचा मोहनभोग त्याच्यापुढें येतो, तेव्हां त्याला आठवण होते कीं आई ज्याला मोहनभोग म्हणते तो पाण्यांत शिजविलेला असतो. आपण गरीब आहोंत हें त्या पोराला त्या घांसांत समजतें. पण त्याला राग येत नाहीं, आईची कींव येते. खरा मोहनभोग कसा असतो हें तिला बहुधा ठाऊकच नसावें, असें त्याला वाटतें.

कोणती वाटी आधीं द्यावी यावर वहिनी आणि काकू यांचा सकाळीं वाद झाला होता. तुपाचा आधीं दिला तर दुसरा कोणी पुरा खाणार नाहीं, असें काकूंचें मत. अपूनेंही तोच आधीं खाल्ला होता, जन्मभर, असें वहिनींचें. शेवटीं दोघींचाही क्रम एकच निघाला.

सर्वांनीं पहिली वाटी संपविली. दुसरी तोंडाला लावल्यावर बोलणें थांबलें. तेव्हां वहिनी म्हणाल्या कीं, पाहुणे नसतील तर आपल्या घरीं आजवर शिरा झाला तो पहिल्या वाटींतलाच, आणि मुलांनीं त्याला कधीं नांव ठेवलें नाहीं. त्यांना दुसरा ठाऊकच नव्हता म्हणून तें चाललें.

त्यांची थोरली मुलगी अकरावींत होती. ती दाराशीं बसून खात होती. "मला माहीत होतं, आई," ती म्हणाली. "काकूंच्या घरी सत्यनारायण झाला ना, मी दुसरीत असताना? प्रसादाचा शिरा खाल्ला तेव्हाच कळलं."

त्या प्रसादांत रवा, साखर आणि तूप सारखेंच, सव्वाच्या मापानें पडतें, हें काय कोणाला सांगावयास हवें! वहिनी तिच्याकडे पाहतच राहिल्या. दुसरींतली मुलगी अकरावींत येईपर्यंत नऊ वर्षें गेलीं होतीं.

दुर्गेचा मृत्यु, म्हातारी इंदिर ठाकरूण, हरिहराचें घर सोडून काशीला जाणें, या साऱ्यांवर त्या दिवशीं रात्रीं साडेदहापर्यंत चर्चा चालली, आणि पहिल्यांदाच सहाही घरांतल्या माणसांनीं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलें होतें. पातेल्याच्या तळाशीं उरलेला गुळाचा शिरा काकूंनीं नातवासाठीं मागून नेला. पुढची पाळी फिरून अण्णांची. कादंबरी कोणती तें त्यांनीं अजून ठरविलें नव्हतें. परंतु कोणतीही असो, पानांत मीठ वाढलेलें असेल, एवढें त्यांनीं जिना उतरतांना सर्वांना सांगून ठेवलें.