हिवताप बाईला जास्त भोवतो
(पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेतले भाषण)



दाव्यांसाठी आपण नेहमी बसतो. आज आम्ही संघटनेतल्या पोरी तापाबद्दल बोलणार आहोत. हा विषय जमिनीपासून वेगळा नाही.

हिवताप म्हटला की आपल्या गडचिरोलीचं नाव पुढे येतं. ताप माणसाला येतो, बाईलाही येतो. पण दोन जीवाच्या बाईची त्याच्याशी लढायची ताकद कमी झालेली असते. पहिलटकरणीची तर आणखी कमी. हिवतापाचे जंतू तिच्या वारेत जाऊन बसतात. कधी अंग तापतही नाही, पण आतून रक्त कमी होत राहतं. लेकरू कमी वजनाचं होतं, दिवस भरायच्या आधी होतं, कधी पोटातच जातं. आपल्या बायांच्या अंगात आधीच रक्त कमी!

औषधातही फरक आहे. एका जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात लपतात. त्यांना मारणारी प्रायमाक्वीनची गोळी दोन जीवाच्या बाईला देत नाहीत. म्हणून तिचा ताप उलटू शकतो. तेव्हा लाजू नका, गोळी घेण्याआधी आशाताईला दिवस गेल्याचं सांगा. पुजाऱ्याकडे जायचं तर जा, पण आधी रक्त तपासा.

आता घरातली गोष्ट. माणूस तापला की मोटरसायकल निघते. बाई तापली तरी रोवण्याला जाते, सरपण आणते, आणि सगळे निजल्यावर अंग टाकते. तिचं रक्त तपासलंच जात नाही, म्हणून रजिस्टरात नाव नाही. मग साहेब म्हणतात, बाया कमी आजारी पडतात!

2006 च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने आहे. जमीन दोघांची, तर तेंदूचा पैसा, मच्छरदाणी आणि दवाखान्याची वाटही दोघांची. त्याच कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे दवाखान्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणून ‘जंगल आहे, दवाखाना होत नाही’ हे उत्तर आपण ऐकून घ्यायचं नाही.

आज तीन ठराव घेऊ.
1. नाले भरायच्या आधी आशाताईकडे तपासणीची किट आणि गोळ्या पोचल्या पाहिजेत.
2. घरात मच्छरदाणी एकच असेल, तर ती आधी दोन जीवाच्या बाईला आणि लेकरांना.
3. उपकेंद्राच्या जागेसाठी कलम 3(2) ची शिफारस.

ठरावावर बायांच्या सह्या-अंगठे आधी, मग माणसांचे.

जय सेवा!